घशाचा कर्करोग आणि त्याच्या पूर्वसूचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बसलेला आवाज, अडकणारा घास, मानेवर हाताला लागलेली गाठ यांविषयी वाचक सतत विचारत असतात. ते प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती तपासणीची जागा घेऊ शकत नाही, परंतु तपासणीला केव्हा जायचे हे तिच्यावरून ठरवता यावे, असा प्रयत्न आहे.

१. घशाचा कर्करोग म्हणजे नेमका कुठला? तोंडाचा आणि घशाचा कर्करोग एकच का?

एकच नाही. गाल, हिरड्या, ओठ आणि जिभेचा पुढचा भाग येथे होतो तो तोंडाचा कर्करोग, आणि आपल्याकडे त्याचेच प्रमाण जास्त आहे. घसा त्याच्या मागे सुरू होतो. नाकाच्या मागच्या पोकळीपासून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत साधारण १२ ते १३ सेंटीमीटर लांबीची जी नळी असते, तिला ग्रसनी म्हणतात आणि तिचे तीन भाग मानतात: नाकामागचा वरचा भाग, टॉन्सिल व जिभेचे मूळ असलेला मधला भाग आणि अन्ननलिकेला लागून असलेला खालचा भाग. या खालच्या भागाच्या पुढे, कंठमण्याच्या आत, स्वरयंत्र असते. ग्रसनी आणि स्वरयंत्र या दोन्हींच्या कर्करोगाला बोलताना आपण ‘घशाचा कर्करोग’ म्हणतो. थायरॉइड ग्रंथीचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हे वेगळे आजार आहेत.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. स्वरतंतूवरची गाठ पहिल्या काही आठवड्यांतच आवाज बदलते, तर ग्रसनीच्या खालच्या भागातली गाठ कित्येक महिने गप्प राहते आणि बरेचदा मानेत पसरल्यावरच लक्षात येते. म्हणूनच ‘घशाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण कोणते’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही.

२. मग कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला आवाजातला बदल, मानेवर आलेली आणि विरून न जाणारी गाठ, गिळताना दुखणे किंवा घास अडकणे, घशाच्या एकाच बाजूला सतत होणारी वेदना, कान निरोगी असताना एकाच कानात येणारी कळ, थुंकीतून रक्त, पाणी पिताना वारंवार लागणारा ठसका, आणि प्रयत्न न करता घटणारे वजन. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला असेल, तर तीन आठवड्यांचा हिशेब करत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण तेव्हा श्वासाचा मार्ग अरुंद झालेला असतो.

यांतले जवळजवळ प्रत्येक लक्षण साध्या आजारातही दिसते, हे खरे आहे. फरक दोन गोष्टींत असतो. साधा आजार बहुधा दोन्ही बाजूंना त्रास देतो आणि काही दिवसांत ओसरतो; कर्करोगाची तक्रार बहुधा एका बाजूची असते आणि हटत नाही, उलट हळूहळू वाढत जाते. वेदना किती तीव्र आहे यावरून अंदाज बांधू नये. सुरुवातीच्या कर्करोगात वेदना मुळीच नसते, असे अनेकदा घडते.

३. माझा आवाज महिनाभर बसला आहे. सर्दीमुळे की आणखी कशामुळे, हे घरच्या घरी कसे ओळखू?

घरच्या घरी ओळखता येत नाही, आणि एका महिन्यानंतर तसा प्रयत्नही करू नये. बोलताना स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला शंभराहून अधिक वेळा आणि स्त्रियांत दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. एवढ्या वेगाने हलणाऱ्या कडेवर एखाद्या मिलिमीटरचा जाडसरपणा आला तरी आवाज घोगरा होतो. शरीरातल्या फारच थोड्या अवयवांचा कर्करोग इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे स्वतःची वर्दी देतो. या टप्प्यावर निदान झालेले दहापैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात, आणि बहुतेकांचे स्वरयंत्रही वाचते.

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज सहसा एक ते दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी तो सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू प्रत्यक्ष पाहून घ्यावेत. येथे हमखास होणारी चूक अशी, की हे आठवडे ज्येष्ठमधात, गुळण्यांत आणि चघळायच्या गोळ्यांत जातात आणि पुढचे दोन-तीन महिने ‘ॲसिडिटीमुळे असेल’ म्हणून घेतलेल्या औषधांत. आम्लपित्ताने आवाज घोगरा होऊ शकतो, यात शंका नाही. परंतु स्वरतंतू न पाहता आम्लपित्ताचे औषध महिनोन्महिने घेत राहणे म्हणजे ज्या काळात आजार सहज बरा होण्याजोगा असतो तोच काळ घालवणे होय. मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दोन साध्या आरशांच्या मदतीने स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले होते. आज तालुक्याच्या गावीही दुर्बीण असलेले तज्ज्ञ अनेक ठिकाणी भेटतात, तेव्हा न पाहता अंदाज करण्याचे कारण उरलेले नाही.

४. मी शिक्षिका आहे, दिवसभर मोठ्याने बोलावे लागते. आवाज जास्त वापरल्याने कर्करोग होतो का?

होत नाही. शिक्षक, कीर्तनकार, गायक, फेरीवाले यांच्या स्वरतंतूंवर ताणामुळे छोटे गोळे येतात. ते बहुधा दोन्ही बाजूंना समोरासमोर असतात, कर्करोगात बदलत नाहीत आणि आवाजाला विश्रांती व वाणी-उपचार मिळाले की पुष्कळदा विरतात. धोका निराळाच आहे. आवाज नेहमीच बसत असल्याने अशा व्यक्ती नव्या बदलाकडे लक्ष देत नाहीत. आपला बसका आवाज सुटीतही पूर्ववत होत नसेल, किंवा त्याची जात बदलल्यासारखी वाटत असेल, तर तिसऱ्या प्रश्नातला नियम तुम्हालाही लागू आहे.

५. मानेवर गाठ आहे, पण ती अजिबात दुखत नाही. म्हणजे साधीच ना?

न दुखणे हे गाठ साधी असल्याचे लक्षण नव्हे. दात किंवा टॉन्सिल सुजल्यामुळे आलेली गाठ सहसा दुखते, मऊ असते आणि दोन आठवड्यांत लहान होते. चाळिशीच्या पुढच्या व्यक्तीच्या मानेत, विशेषतः जबड्याच्या कोनाखाली, टणक, न दुखणारी आणि वाढत जाणारी गाठ आली, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती घशातील किंवा तोंडातील कर्करोगाची मानली जाते, आणि तपासणीची दिशाही तशीच असते.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. मानेतल्या गाठीचा क्षय, म्हणजे जुन्या भाषेतली गंडमाळ, भारतात इतका सर्रास आढळतो की गाठ दिसताच क्षयाचे औषध सुरू करण्याकडे कल असतो. तो पुष्कळदा बरोबरही ठरतो. परंतु सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत क्षयाचा पुरावा मिळालेला नसताना सहा महिन्यांचे औषध सुरू झाले आणि गाठ वाढतच राहिली, तर ते सहा महिने परत मिळत नाहीत. औषध सुरू करण्यापूर्वी ‘गाठीची सुईची तपासणी झाली का आणि तिच्यात काय आले’, एवढे रुग्णाने जरूर विचारावे. दुसरी सूचना अशी, की घसा दुर्बिणीने पाहण्याआधी मानेतली गाठ शस्त्रक्रियेने कापून काढू देऊ नये. मूळ आजार घशात असेल, तर त्या कापामुळे पुढच्या शस्त्रक्रियेचे नियोजन बिघडते.

६. दोन महिने एकच कान दुखतो आहे, आणि डॉक्टर म्हणतात की कान स्वच्छ आहे. हे कसे?

घशाला आणि कानाला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा एकाच मुळातून फुटतात. जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये किंवा ग्रसनीच्या खालच्या भागात व्रण असेल, तर मेंदूला ती वेदना कानातून आल्यासारखी भासते. दाढ किडली असेल किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तरी असेच होते, म्हणून तेही तपासतात. पण कान निर्दोष, दात निर्दोष आणि तरीही एका बाजूची कळ कायम, विशेषतः गिळताना वाढणारी, असे असेल तर घसा दुर्बिणीने पाहिलाच पाहिजे. प्रौढ व्यक्तीच्या एकाच कानात विनाकारण दडा बसून राहिला किंवा पडद्यामागे पाणी साठले, तर नाकामागचा भाग पाहतात, कारण तेथल्या गाठीने कानाकडे जाणारी नळी बंद होऊ शकते.

७. घशात सतत काहीतरी अडकल्यासारखे वाटते, पण जेवण व्यवस्थित जाते. काय समजावे?

ही तक्रार अत्यंत सामान्य आहे आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. नुसता आवंढा गिळताना अडकल्यासारखे वाटते, भाकरीचा घास मात्र विनासायास उतरतो, त्रास कधी असतो कधी नसतो आणि ताणाच्या दिवसांत वाढतो, असे तिचे स्वरूप असते. कर्करोगात याच्या उलट घडते: आधी भाकरी-चपातीसारखे कोरडे अन्न अडकते, मग भात, मग पातळ पदार्थही. घरातले माणूस हळूहळू भाकरी सोडून वरण-भातावर किंवा पेजेवर येऊन राहिले असेल, तर त्याने तक्रार केली नसली तरी घरच्यांनी विचारावे.

८. मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू मळून खातो. आई तर केवळ मिश्री लावते. तरीही धोका आहे का?

आहे. विडी, सिगारेट आणि चिलीम यांचा धूर थेट स्वरयंत्रावरून जातो, म्हणून स्वरयंत्राच्या कर्करोगाशी धूम्रपानाचे नाते सर्वांत घट्ट आहे. विडी लहान दिसते, परंतु ती विझू नये म्हणून वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. ती सिगारेटपेक्षा सौम्य आहे, हा समज चुकीचा आहे. तंबाखू-चुना, गुटखा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, विदर्भातला खर्रा यांचा पहिला तडाखा तोंडाला बसत असला, तरी त्यांचा रस गिळला जातो आणि तो घशाच्या अस्तरावरूनच खाली उतरतो.

मिश्री म्हणजे भाजून वाटलेली तंबाखूच होय. दात स्वच्छ होतात म्हणून ती लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत, आणि डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ असे विचारले की ‘नाही’ म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांनीही ‘मिश्री लावता का?’ असे स्पष्टच विचारायला हवे. सुपारीविषयीही हेच सांगता येईल: तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कर्ककारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकत घेऊन एकत्र करणे तेवढ्याने थांबलेले नाही.

९. दारू कधीतरीच घेतो. तिचा घशाशी काय संबंध?

मद्य हे स्वतंत्रपणे घशाच्या कर्करोगाचे कारण आहे. शरीरात त्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड पेशींच्या जनुकांना इजा करते. प्रमाण वाढते तसा धोका वाढतो. तंबाखू आणि मद्य यांची जोडी असेल, तर धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, तो गुणाकाराच्या रीतीने वाढतो. देशी की विदेशी, याने फरक पडत नाही.

१०. कुठलेच व्यसन नसलेल्या माणसाला हा आजार होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि ‘हा माळकरी आहे, याला कसा होईल’ या भरवशामुळे अशांचे निदान उशिरा होते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगामागे मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, असू शकतो (पाहा प्रश्न ११). नाकामागच्या भागातल्या कर्करोगाचा संबंध एपस्टाइन-बार विषाणूशी आहे; तो ईशान्य भारतात, विशेषतः नागालँडमध्ये, अधिक आढळतो आणि तरुणांनाही होतो. ॲस्बेस्टॉस किंवा तीव्र गंधकाम्लाची वाफ यांच्या संपर्कात वर्षानुवर्षे काम केल्यास स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

स्त्रियांबाबत एक अपवाद मुद्दाम सांगायला हवा. दीर्घकाळ लोह कमी असलेल्या, फिकट पडलेल्या काही स्त्रियांच्या अन्नमार्गाच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होतो आणि घास अडकू लागतो. त्यांच्यात स्वरयंत्रामागच्या भागाचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त असते, मग तंबाखूचा स्पर्शही नसो. रक्त कमी आहे आणि घास अडकतो, या दोन तक्रारी एकत्र आल्या तर केवळ लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये.

११. एचपीव्हीमुळे होतो म्हणजे तो संसर्गजन्य आहे का? लस घेता येते का?

कर्करोग एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याची सेवा केल्याने किंवा शेजारी झोपल्याने काहीही होत नाही. त्याची भांडी वेगळी ठेवणे हा त्याच्यावर विनाकारण अन्याय आहे. एचपीव्ही हा विषाणू लैंगिक संबंधांतून, मुखमैथुनातूनही, पसरतो. तो असंख्य लोकांना होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या शरीरात तो टिकतो आणि अनेक वर्षांनी कर्करोगाला कारण ठरतो. अमेरिकेत टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य एचपीव्हीमुळे होतात. भारतात ते प्रमाण बरेच कमी आहे आणि तंबाखू हेच मुख्य कारण आहे.

लस प्रामुख्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दिली जाते आणि ९ ते १४ या वयात ती सर्वांत उपयोगी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. घशाच्या कर्करोगाला कारण ठरणारा १६ क्रमांकाचा प्रकार तिच्यात समाविष्ट आहे. झालेला कर्करोग मात्र लसीने बरा होत नाही.

१२. डॉक्टर नेमके काय करतात? दुर्बिणीची फार भीती वाटते.

आधी तोंड, टॉन्सिल आणि मान हाताने व दिव्याने तपासतात. मग नाकात बधिर करणारा फवारा मारून शेवयाच्या जाडीहून थोडी जास्त, लवचिक दुर्बीण नाकातून घशापर्यंत नेतात. रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, त्याला ‘ई’ म्हणायला सांगतात आणि स्वरतंतू हलताना पडद्यावर दिसतात. दोन-तीन मिनिटांत हे आटोपते. नाकात चुरचुरते, डोळ्यांत पाणी येते, पण वेदना सहसा होत नाही. काही संशयास्पद दिसले तर भूल देऊन ताठ दुर्बिणीने त्या जागेचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढतात (बायॉप्सी). आजाराची खोली आणि पसार कळण्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात आणि काही रुग्णांत पेट-सीटी, म्हणजे आजार शरीरात आणखी कुठे पसरला आहे का हे दाखवणारा स्कॅन, करतात. रक्ताच्या साध्या तपासणीतून घशाच्या कर्करोगाचे निदान होत नाही, तेव्हा ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

१३. दुर्बिणीत गाठ दिसली नाही, पण डावा स्वरतंतू हलत नाही असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. डाव्या स्वरतंतूला हलवणारा मज्जातंतू थेट घशात न येता छातीत उतरतो, महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीला वळसा घालतो आणि पुन्हा वर येतो. त्यामुळे दोष घशात नसून डाव्या फुप्फुसात, छातीतल्या गाठींत, थायरॉइडमध्ये किंवा अन्ननलिकेत असू शकतो. अशा वेळी कवटीच्या तळापासून छातीपर्यंतचा स्कॅन करतात. कधी कारण सापडत नाही आणि विषाणूमुळे झालेली ही दुर्बलता काही महिन्यांत सुधारते, पण तो निष्कर्ष स्कॅननंतर काढायचा असतो.

१४. तुकडा काढला की कर्करोग पसरतो, असे सगळे सांगतात. खरे आहे का?

खरे नाही. योग्य जागेतून योग्य रीतीने काढलेल्या तुकड्यामुळे घशाचा कर्करोग पसरत नाही, आणि त्या तपासणीशिवाय किरणोपचार किंवा केमोथेरपी सुरू करता येत नाही. हा समज निर्माण होण्याचे कारण समजण्यासारखे आहे: पुष्कळ रुग्ण उशिरा येतात, तुकडा काढल्यानंतर उपचारांविना घरी बसतात आणि आजार आपल्या गतीने वाढतो, वाढीचा दोष मात्र तपासणीवर येतो. मानेतल्या गाठीबाबतची वेगळी सूचना पाचव्या प्रश्नात आहे.

१५. ‘चौथी स्टेज’ म्हटले की सगळे संपले का?

नाही. घशाच्या कर्करोगात मानेतल्या गाठींमुळे किंवा स्वरयंत्राच्या कूर्चेबाहेर (लवचिक हाडाबाहेर) पसरल्यामुळेही आजार चौथ्या टप्प्यात धरला जातो, आणि त्यातला मोठा गट बरे करण्याच्या उद्देशाने दिलेल्या उपचारांना पात्र असतो. फुप्फुसात किंवा हाडांत पसरलेला आजार वेगळा. त्यामुळे नुसता आकडा ऐकून घरी परतू नये. ‘मानेपुरता आहे की लांब पसरला आहे, आणि उपचार बरे करण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी’, असे विचारावे. एचपीव्हीमुळे झालेल्या आजाराचे टप्पे २०१७ नंतर वेगळ्या रीतीने मोजतात, कारण त्या रुग्णांना उपचारांचा गुण चांगला येतो.

१६. उपचार काय असतात? आवाज जाणारच का?

बहुतेक सुरुवातीच्या रुग्णांचा आवाज जात नाही. छोट्या गाठीसाठी तोंडावाटे लेझरने शस्त्रक्रिया किंवा केवळ किरणोपचार, यांपैकी एकच पुरतो. किरणोपचार, ज्याला पुष्कळ लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. दर वेळी काही मिनिटे लागतात आणि त्या क्षणी काही दुखत नाही. तोंड येणे, गिळताना आग होणे, चव जाणे, त्वचा काळवंडणे हे तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते. मधेच उपचार सोडणे सर्वांत घातक, कारण खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी झपाट्याने वाढतात. पेरणी, लग्नकार्य, वारी यांसाठी सुटी घ्यायची असेल तर उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

आजार वाढलेला असला तरी स्वरयंत्र काढणे हाच एक मार्ग उरतो, असे नाही. वाढलेल्या स्वरयंत्र-कर्करोगाच्या ३३२ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की केमोथेरपी व किरणोपचार दिलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र आयुर्मानाला बाधा न येता वाचले. आज बहुधा किरणोपचारांसोबतच सिस्प्लॅटिन हे औषध देतात. मात्र कूर्चा पोखरली गेली असेल, किंवा गिळताना अन्न सतत श्वासनलिकेत जात असेल, तर स्वरयंत्र वाचवण्याचा हट्ट रुग्णाच्या हिताचा नसतो. वाचवलेले स्वरयंत्र चालायलाही हवे. अशा वेळी शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे डॉक्टर घाई करत आहेत, असे समजू नये. शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत काही दिवसांत घ्यावे, काही महिन्यांनी नव्हे.

१७. किरणोपचारांच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे का पाठवतात?

किरणांमुळे लाळ कमी होते, दात लवकर किडतात आणि जबड्याच्या हाडाची जखम भरून काढण्याची क्षमता घटते. नंतर दात काढावा लागला तर हाड उघडे पडून कुजू शकते. म्हणून वाईट दात आधीच काढतात आणि जखम भरायला दहा-चौदा दिवस देतात. पुढे कधीही दात काढायचा झाला, अगदी दहा वर्षांनी, तरी त्या दंतवैद्यांना मानेला किरणोपचार झाल्याचे आवर्जून सांगावे.

१८. स्वरयंत्र काढल्यावर बोलता येते का? जेवण, आंघोळ यांचे काय?

बोलता येते, पण नव्याने शिकावे लागते. शस्त्रक्रियेत श्वासनलिका मानेच्या पुढच्या बाजूस कायमच्या छिद्राला जोडतात. श्वास तेथून आणि अन्न तोंडातून असे दोन मार्ग वेगळे होतात. जखम भरल्यावर बहुतेकांना तोंडाने जेवता येते. बोलण्याचे तीन मार्ग आहेत: गिळलेली हवा ढेकरेसारखी बाहेर सोडून बोलणे, मानेला लावायचे विजेरीचे यंत्र, आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली छोटी झडप. झडपेचा आवाज सर्वांत नैसर्गिक वाटतो, पण ती काही महिन्यांनी बदलावी लागते आणि परदेशी झडप हजारो रुपयांची असते. बेंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत तयार होणारी झडप विकसित केली, ती याच अडचणीमुळे.

आंघोळीत छिद्रावर आडोसा धरावा आणि नदी-विहिरीत पोहायला मुळीच उतरू नये. छिद्रावर ओलसर सुती कापड बांधावे, म्हणजे धूळ अडते आणि कफ सुकत नाही. अपघातात किंवा बेशुद्धावस्थेत प्राणवायू नाकाला नव्हे तर मानेच्या छिद्राला लावायचा असतो. हे ठळक अक्षरांत लिहिलेले कार्ड रुग्णाने नेहमी खिशात ठेवावे. कीर्तनाला जाणारा, भांडणारा, नातवाला हाक मारणारा माणूस अचानक मुका होतो, तेव्हा त्याला पाटी-पेन्सिल देऊन भागत नाही. घरच्यांनी त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबायला शिकावे. अर्धे वाक्य आपण पुरे करू नये.

१९. आधी आयुर्वेदिक किंवा गावठी औषध घेऊन पाहिले तर चालेल का?

निदान झाल्यानंतर नाही. कोणताही काढा, हळद किंवा गोमूत्र यांनी घशाचा कर्करोग बरा झाल्याचा पुरावा नाही, आणि ‘पाहू तरी’ म्हणून गेलेले दोन-तीन महिने पहिल्या टप्प्यातला आजार तिसऱ्यात नेऊ शकतात. मुख्य उपचारांसोबत काही घ्यायचे असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्यावे, कारण काही औषधे केमोथेरपीच्या काळात यकृत-मूत्रपिंडावर ताण आणतात.

२०. कुठे जावे आणि खर्चाचे काय?

पहिली पायरी जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या, अथवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागाची. उपचारांसाठी मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे, परंतु प्रत्येकाने तेथेच रांग लावायला हवी असे नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि बार्शी येथेही कर्करोग रुग्णालये आहेत. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. गोव्यातल्या रुग्णांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. किरणोपचारांसाठी सहा-सात आठवडे रोज जावे लागते, तेव्हा राहण्याची सोय आणि बरोबरच्या माणसाची मजुरी यांचा विचार करूनच रुग्णालय निवडावे. जवळच्या चांगल्या रुग्णालयातले पूर्ण उपचार दूरच्या नामांकित रुग्णालयातल्या अर्ध्या उपचारांपेक्षा केव्हाही श्रेयस्कर. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा खर्च भागतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला), उपचार सुरू होण्यापूर्वी, भेटावे.

२१. कर्करोग झालाच आहे, आता तंबाखू सोडून काय उपयोग?

मोठा उपयोग आहे. उपचारांच्या काळात धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत किरणोपचारांचा गुण कमी येतो, जखमा उशिरा भरतात, आणि पुढे तोंडात, फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत दुसरा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. तल्लफ ही इच्छाशक्तीची उणीव नसून मेंदूला जडलेली सवय आहे, म्हणून रुग्णाला रागावण्यापेक्षा त्याला मदत मिळवून द्यावी. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. तंबाखूच्या पाकिटावरही तो छापलेला असतो.

२२. उपचार संपून दीड वर्ष झाले. आवाज पुन्हा जड झाला आहे आणि फार थकवा येतो. आजार परतला असेल का?

तसे असू शकते, पण तेवढे एकच कारण नसते. आजार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन ते तीन वर्षांत परततो, म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी आणि नंतर वाढत्या अंतराने दुर्बिणीची तपासणी ठरलेली असते. पुढची तारीख लांब असली तरी नव्या लक्षणासाठी तोवर थांबू नये. दुसरीकडे, किरणोपचारांमुळे स्वरयंत्राला आलेली सूज काही महिने टिकते आणि आवाज जड करते. थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे आणि आवाज जाड होणे हे सारे एकत्र असेल, तर थायरॉइड मंदावल्याची दाट शक्यता असते. मानेला किरणोपचार झालेल्या पुष्कळ रुग्णांत ते घडते. त्यासाठी दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी करतात आणि दोष निघाला तर रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी पुरते. तुमच्या बाबतीत दोन्ही तपासण्या याच आठवड्यात करून घ्याव्यात: आधी दुर्बीण आणि त्याच दिवशी टीएसएच.